काटा हिरव्यात गेला आणि माझे ४९०० रुपये गेले

एप्रिलमध्ये आमच्या सोसायटीच्या आवारात रोपांचा स्टॉल लागला होता. स्टॉलवाल्याबरोबर एक 'प्लांट डॉक्टर' होते. पांढरा कोट नव्हता एवढंच, बाकी बोलणं अगदी डॉक्टरी. माझा मनीप्लांट पिवळा पडत होता, आणि बंद गॅलरीतला अनंत कळ्या न धरता नुसता फिकट होत चालला होता. म्हटलं, घरी येऊन बघा. व्हिजिट फी ५०० रुपये. इथेच मी पहिल्यांदा मान डोलावली.

त्यांनी पिशवीतून एक मीटर काढला. दोन लांब धातूच्या सळया, वर गोल डायल, त्यावर लाल-हिरवे पट्टे आणि 'फर्टिलिटी' असं लिहिलेलं. बॅटरी नाही, बटण नाही. मनीप्लांटच्या कुंडीत वरवर खुपसला तर काटा लालमध्येच. "बघा मॅडम, मातीत अन्नच नाही. झाड उपाशी आहे." मग पाकिटातले पांढरे दाणे मगभर पाण्यात ढवळले, कुंडीत ओतले, मीटर पुन्हा खुपसला. काटा सरसर हिरव्यात. माझा मुलगा टाळ्या वाजवायचा बाकी होता, आणि खरं सांगायचं तर मीही.

दोन पाकिटं घेतली. एकावर मार्करने 'ग्रोथ', दुसऱ्यावर 'ग्रीन'. पाव-पाव किलोचं एकेक पाकीट ६७५ रुपये, मीटर ६५०. पंधरा दिवसांनी ते पुन्हा आले आणि २४०० रुपयांचा सहा महिन्यांचा 'कोर्स' गळ्यात मारून गेले. सगळं यूपीआयने, एका व्यक्तीच्या नावावर. बिल मागितलं तर "व्हॉट्सअॅपला टाकतो."

महिन्याभरात पीस लिलीची टोकं जळाली, मातीवर पांढरी पापडी धरली आणि मनीप्लांटच्या वेली खालून मऊ पडल्या. फोन केला तर "झाड विष बाहेर टाकतंय, डोस वाढवा." मी वाढवला! हे लिहिताना आजही लाज वाटते.

मे महिन्यात सांगोल्याचे मामा लग्नाला म्हणून आले. त्यांची डाळिंबाची बाग आहे. 'ग्रोथ'चे दाणे त्यांनी तळहातावर घेतले, वास घेतला, चिमूटभर पेल्यातल्या पाण्यात टाकून पेला माझ्या हातात दिला. पेला गार पडत गेला. "पोरी, हा युरिया आहे. ४५ किलोची गोणी २७० रुपयांच्या आत मिळती." म्हणजे पाव किलोला दीड रुपया. तो मी ६७५ला घेतला होता, तोही शेतकऱ्यांच्या अनुदानाचा. 'ग्रीन'मध्ये निघालं मॅग्नेशियम सल्फेट, जे मामा ठिबकातून बागेला सोडतात.

मग मामांनी जे विचारलं ते 'डॉक्टरां'नी एकदाही विचारलं नव्हतं. पिवळं आधी खालचं पान पडलं की वरचं? पाणी किती दिवसांनी घालतेस? कुंडीला खाली भोक आहे का?

मनीप्लांटची खालची जुनी पानं आधी पिवळी पडली होती. नत्र, म्हणजे युरियातून मिळतो तो नायट्रोजन, कमी पडलं की झाड जुन्या पानांतलं काढून नव्याला देतं, त्यामुळे हे नत्राचंही लक्षण असू शकतं. पण मामांनी झाड उपटून दाखवलं. मुळं तपकिरी, चिकट, कुजका वास. बाहेरची शोभेची कुंडी बिनभोकाची आणि मी रोज पाणी घालणारी. झाड उपाशी नव्हतं, बुडत होतं. वर युरियाचा मारा.

अनंताचं उलट. तिथे कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्यागार. "हा केवडा." म्हणजे लोहाची कमतरता. लोह झाडात इकडून तिकडे सहज फिरत नाही, म्हणून नव्या पानालाच उपास घडतो. मॅग्नेशियम कमी असतं तर शिरा अशाच हिरव्या राहिल्या असत्या, पण पिवळेपणा जुन्या पानांपासून सुरू झाला असता. आणि लोह तरी मातीत नव्हतं असं नाही. आम्ही घोडबंदर रोडला, उन्हाळाभर टँकरचं बोअरचं जड पाणी. त्या क्षारांनी मातीचा सामू (पीएच) चढला की लोह असूनही मुळांना घेता येत नाही. चिलेट म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपात बांधून ठेवलेलं लोह. त्यातल्या साध्या ईडीटीए प्रकाराचाही अशा मातीत फारसा उपयोग होत नाही, ईडीडीएचए प्रकार घ्यावा लागतो. मामांनी तेच पाठवलं, छापील कंपनीच्या डबीत. बाकी कुंड्या भरपूर साध्या पाण्याने धुऊन क्षार काढले. मनीप्लांटच्या दोन चांगल्या फांद्या बाटलीत लावल्या, मूळ झाड गेलंच.

खत नियंत्रण आदेश, १९८५ प्रमाणे खताच्या पिशवीवर उत्पादकाचं नाव, अन्नद्रव्यांचं प्रमाण आणि निव्वळ वजन छापलेलं लागतं, विकणाऱ्याकडे अधिकारपत्र लागतं. माझ्या पाकिटांवर मार्करचा एकेक शब्द होता आणि मी तो श्रद्धेने वाचला. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पुराव्याला यूपीआयचे स्क्रीनशॉट आणि रिकामी पाकिटं. 'डॉक्टरां'चा नंबर जूनपासून बंद आहे.

मीटरचं कोडं मामा गेल्यावर सुटलं. कोरड्या मातीत सळया खुपसल्या, काटा लाल. नळाचं पाणी ओतलं, फक्त पाणी, तर काटा हिरव्यात. दोन वेगळ्या धातूंच्या सळयांमध्ये ओल आली की थोडी वीज तयार होते, काटा तेवढंच दाखवतो. परवा मुलाने तो फ्रिजमधल्या लिंबात खुपसला आणि ओरडला, "आई, लिंबू एकदम फर्टाइल आहे!"