मोपा ते अगत्ती: आखूड धावपट्टीचा हिशेब

बेळगावचा सांब्रा विमानतळ घराजवळ असताना मध्यरात्री उठून चोर्ला घाटाने गोव्यातील मोपा विमानतळ गाठायचा, हे टिळकवाडीतील आमच्या शेजाऱ्यांना काही पटले नव्हते. परंतु लक्षद्वीपला जायचे तर एरवी आधी कोची गाठावी लागते आणि तेथून जहाज धरल्यास चौदा ते अठरा तास जातात. त्यामानाने गोव्याहून थेट तेथील अगत्ती बेटावर नेणारी ही लहान विमानसेवा आम्हाला फार सोयीची वाटली.

विमान एटीआर ७२ जातीचे, दोन पंख्यांचे आहे. चढण्याचे दार शेपटीकडे, दोन्ही बाजूंना दोन-दोन आसने, त्यामुळे मधल्या आसनात अडकून बसण्याची वेळ कोणावरच येत नाही. पंख्यांची घरघर जेटची सवय असलेल्यांना खटकेल. खानापूरच्या बसने आयुष्य काढलेल्या मला तिचे काही वाटले नाही.

खरी परीक्षा सामानाच्या काट्यावर झाली. सौभाग्यवतींनी ओळखीच्यांसाठी घेतलेले कुंद्याचे डबे पेटीतून काढून हळूच हातातील पिशवीत सरकवले, तेव्हा खिडकीवरील मुलीने हसून तीही पिशवी काट्यावर ठेवायला सांगितली. अगत्तीची धावपट्टी जेमतेम १२०० मीटरांची आहे, त्यामुळे विमान पूर्ण भाराने तेथे उतरू वा उडू शकत नाही, हे तिने न कंटाळता समजावले. विमानात काही जागा रिकाम्या का होत्या, याचाही उलगडा मला तेव्हाच झाला. तिकीट महाग म्हणून कुरकुरणाऱ्यांनी या रिकाम्या जागांचे भाडेही कोणीतरी भरतच असते, हे ध्यानात घ्यावे.

लक्षद्वीपच्या प्रवेश परवान्याबाबत मात्र आमच्या प्रवास-दलालाने मनस्ताप दिला. परवाना भारतीयांनाही सक्तीचा असताना त्याने तो निघण्याच्या आदल्या संध्याकाळी हाती ठेवला. गोव्याहून निघतो म्हणून बाटली सोबत घेण्याचा मोह आवरावा, हेही त्याने सांगितले नाही. लक्षद्वीपमध्ये बंगाराम बेट सोडल्यास दारूबंदी आहे.

दोन तासांच्या आत प्रवाळाची फिकट हिरवी कड दिसू लागते. पंख छताच्या बाजूला असल्याने ती खिडकीतून अखंड दिसते. बेटाच्या दक्षिणेकडील निमुळत्या टोकावर विमान टेकले, तेव्हा दोन्ही खिडक्यांतून पाणीच दिसत होते आणि ब्रेक असे करकचून लागले, की माझा चष्मा मांडीवर येऊन पडला. आम्हा सीमाभागातील लोकांची नजर कोठेही गेले तरी आधी पाट्यांच्या भाषेकडे वळते. येथे मल्याळम होती आणि त्यावरून कोणी भांडतही नव्हते.

ऑक्टोबर ते एप्रिल या काळात ही सेवा मी निःशंकपणे सुचवीन. पावसाळ्यात मात्र तिकीट काढणार नाही, आणि इतर महिन्यांतही परतीच्या दुसऱ्या दिवशी घरी लग्नकार्य असेल, तर एक दिवस हाताशी राखूनच निघेन.