डर्मोस्कोप, म्हणजे त्वचेवरचे डाग तपासायचं दिव्याचं भिंग, पोलराइज्ड (त्वचेवरची चमक गाळणाऱ्या प्रकाशाचा) घ्यावा की नॉन-पोलराइज्ड (साध्या प्रकाशाचा)?
सोलापूरच्या उन्हात आयुष्य काढलेले शेतकरी आजोबा आले, कानशिलावर मेणचट काळा डाग, जेल लावून नॉन-पोलराइज्डमधे बघितलं तर आत मिलियासारख्या सिस्टचे (केराटिन भरलेल्या बारीक गाठींचे) पांढरे ठिपके चांदण्यांसारखे लख्ख, आणि बटण दाबून पोलराइज्ड केलं की जवळजवळ गायब! म्हणजे कल सेबोऱ्हिक केराटोसिसकडे (उतारवयात येणारी, कर्करोग नसलेली त्वचेची वाढ).

पण चकचकीत पांढऱ्या रेघा फक्त पोलराइज्डमधेच दिसतात, एकमेकींना काटकोनात असतात, डर्मोस्कोप फिरवला की कमीजास्त होतात. मेलानोमा आणि बेसल सेल या त्वचेच्या कर्करोगांत येतात आणि डर्मॅटोफायब्रोमा या साध्या, निरुपद्रवी गाठीतही, त्यामुळे नुसत्या रेघांवर निदान करू नका. रक्तवाहिन्याही यातच छान दिसतात कारण काच दाबून टेकवावी लागत नाही.

एकच परवडत असेल तर मी पोलराइज्डच म्हणेन, बटणवाला हायब्रिड मिळाला तर मात्र प्रत्येक डाग दोन्हीत बघा.