वर्धा रोडवरचा स्विमिंग पूलचा फ्लॅट आणि माझे गेलेले ९७,५०० रुपये

चंद्रपूरहून नागपूरला बदली झाली म्हणून वर्धा रोडवरील एका गृहसंकुलात भाड्याने फ्लॅट घ्यायला गेलो आणि ९७,५०० रुपये गमावून बसलो. हे लिहिताना लाज वाटते, परंतु लाजेपेक्षा संताप मोठा आहे.

नुसते फोटो पाहून पैसे पाठवणाऱ्यांपैकी मी नाही. पत्नी आणि मुलीसह मी तो फ्लॅट प्रत्यक्ष जाऊन पाहिला होता. मे महिन्याची दुपार होती, अंगाची लाही होत होती, आणि खाली स्विमिंग पूलच्या काठावर माझी नऊ वर्षांची मुलगी चपला काढून, पाण्यात पाय सोडून बसली ती उठायलाच तयार नव्हती. मालक म्हणवणारा गृहस्थ पन्नाशीचा, शांत, मला ‘भाऊ’ म्हणून बोलणारा होता. दाराचे कुलूप त्याने आकडे दाबून उघडले, महावितरणचे बिल दाखवले आणि भाडे २२,००० सांगितले. संशय यावा इतके ते स्वस्त नव्हते.

फाटकावरचे रजिस्टर मात्र मला आजही झोपू देत नाही. सही करण्यासाठी मी ते पुढे ओढले, तेव्हा माझ्या वरच्याच ओळीत त्या माणसाचे नाव होते आणि फ्लॅट क्रमांकापुढे चौकीदाराने निळ्या पेनने ‘गेस्ट, २ दिवस’ असे लिहिले होते. स्वतःच्या घरात कोणी दोन दिवसांचा पाहुणा असतो का? मी ते वाचले आणि त्याला विचारलेही. ‘मी पुण्याला असतो भाऊ, हे चौकीदार सगळ्यांचं असंच लिहितात,’ असे तो म्हणाला आणि मी मान डोलावली. वर पलंगावर हॉटेलात ठेवतात तसे घडी घातलेले पांढरे टॉवेल होते, फ्रीजमध्ये पाण्याच्या दोन बाटल्यांपलीकडे काही नव्हते, आणि तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. तो फ्लॅट रोजच्या भाड्याने दिला जात होता. त्याने तो दोन दिवसांसाठी घेतला आणि त्या दोन दिवसांत आमच्यासारख्यांना दाखवला.

त्याच संध्याकाळी टोकन म्हणून ५,०००, दुसऱ्या दिवशी तीन महिन्यांचे डिपॉझिट ६६,०००, मग आगाऊ भाडे २२,००० आणि शेवटी सामान आत नेण्याचे सोसायटीचे शुल्क म्हणून ४,५०० रुपये दिले. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर एका बाईचे नाव आले, ते त्याच्या वहिनीचे खाते निघाले म्हणे. पडद्यावरचे नाव आणि बिलावरचे नाव जुळत नसेल, तर पिन टाकू नका, समोरचा कितीही सभ्य असो.

करारनामा राहायला आल्यावर करू, असे त्याने सांगितले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची असते, हे मला ठाऊक होते. पण शाळा सुरू होण्याआधी घर हवे होते आणि दुसरे कोणी फ्लॅट घेऊन जाईल ही भीती त्याने पद्धतशीर घातली होती. ऑनलाइन नोंदणीत आधारशी जोडलेला अंगठा द्यावा लागतो. पैशांपूर्वी मी तो अंगठा मागितला असता, तर तो माणूस तिथेच उघडा पडला असता.

१ जूनला टेम्पो घेऊन पोहोचलो, तर चौकीदाराने आत सोडले नाही. अर्ध्या तासात गोंदियाहून आणखी एक टेम्पो आला. त्यांच्या कागदावरही तोच फ्लॅट क्रमांक होता.

त्यानंतरचे हेलपाटे फसवणुकीपेक्षा जास्त जिव्हारी लागले. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली. पोलीस ठाण्यात गेलो तर ‘ऑनलाइन पैसे गेले ना, सायबरला जा’. सायबरला गेलो तर ‘माणूस समोर भेटला होता ना, ठाण्यात जा’. एका हवालदाराने हद्दीचा प्रश्न काढला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीतला असला तरी माहिती नोंदवून घ्यावीच लागते, असे मी सांगितले, तेव्हा ‘तुम्ही वकील आहात का?’ असा प्रतिप्रश्न आला. शिकल्या-सवरलेल्या माणसाने एवढे तरी पाहायला हवे होते, हेही तिथेच चार लोकांसमोर ऐकवले गेले. बँकेने पिन मीच टाकला असे सांगून हात वर केले. सोसायटीच्या सचिवांनी पोलिसांच्या पत्राशिवाय सीसीटीव्हीचे चित्रण देणार नाही म्हटले. ते पत्र मिळायला १९ दिवस लागले आणि तोवर चित्रण पुसले गेले होते. पोलीस नोंद घेत नसतील, तर तक्रार लेखी स्वरूपात टपालाने वरिष्ठांकडे पाठवा आणि पोच जपून ठेवा. माझ्या तक्रारीवरून गुन्हा त्यानंतरच दाखल झाला.

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक २ (इंडेक्स २, म्हणजे खरेदी-विक्रीच्या नोंदणीचा उतारा) पाहिली, तेव्हा खऱ्या मालकाचे नाव काही मिनिटांत मिळाले. हे मी आधी करायला हवे होते. तुम्ही टोकन देण्यापूर्वी करा, आणि सोसायटीच्या कार्यालयात मालकाचे नाव स्वतः जाऊन विचारा.

गेल्या आठवड्यात तेच फोटो नव्या मोबाइल क्रमांकासह पुन्हा दिसले, भाडे आता २१,५०० लिहिले आहे. पूलच्या काठाला दोन पिवळ्या खुर्च्या आहेत आणि त्यांतल्या एकीचा हात तुटलेला आहे. तो फोटो दिसला, तर त्या क्रमांकावर फोन करू नका. क्रमांक लगेच सायबर पोलिसांना कळवा.