पर्लमध्ये दोन खुणांमधला मजकूर: दोन टिंबं की रेजेक्स?

समजा, सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाची दिवसभराची टेक्स्ट फाइल आहे. ‘सौदा सुरू’ आणि ‘सौदा समाप्त’ या ओळींच्या मध्ये राजापुरी हळदीची पोती, वजन, दर अशा नोंदी आहेत, आणि तेवढ्याच बाजूला काढायच्यात. पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेत हे दोन तऱ्हांनी होतं.

पहिली तऱ्हा फ्लिप-फ्लॉपची, म्हणजे दोन खुणांमध्ये दोन टिंबं देण्याची: /सौदा सुरू/ .. /सौदा समाप्त/ एवढी अट घालायची. पर्ल एकेक ओळ वाचतं, पहिली खूण सापडली की छापू लागतं, दुसरी सापडली की थांबतं. एका वेळी एकच ओळ मेमरीत असल्यामुळे फाइल कितीही मोठी असली तरी चालते. खुणांच्या ओळीही छापल्या जातात. त्या नको असतील तर ही अट जो आकडा देते तो तपासायचा: सुरुवातीच्या ओळीला १ मिळतो आणि शेवटच्या ओळीच्या आकड्याला ‘E0’ जोडलेलं असतं. या दोन्ही ओळी गाळल्या की झालं.

वर-खाली सारखीच तुटक रेघ मारलेली असेल तर मात्र दोन टिंबं फसतात. उजवी अट त्याच ओळीवर तपासली जाते, त्यामुळे पहिल्याच रेघेवर सगळं उघडून बंद होतं. तिथे तीन टिंबं द्यायची. मग शेवटाची तपासणी पुढच्या ओळीपासून सुरू होते.

दुसरी तऱ्हा रेजेक्सची, म्हणजे मजकुराचा साचा देऊन शोधायची: पर्ल चालवताना -0777 देऊन अख्खी फाइल एकदम वाचायची आणि दोन खुणांमध्ये (.*?) लिहायचं. टिंबाने ओळीचा शेवट ओलांडावा म्हणून ‘s’, सगळे सौदे मिळावेत म्हणून ‘g’, ही अक्षरं रेजेक्सच्या शेवटी जोडायची. प्रश्नचिन्ह विसरलात तर पहिल्या सौद्यापासून शेवटच्या सौद्यापर्यंतचा सगळा मजकूर एकाच घासात येतो.

दिवसाच्या शेवटच्या सौद्याला ‘समाप्त’ लिहायचं राहून गेलं तर? रेजेक्स तो सौदा गुपचूप वगळतं. फ्लिप-फ्लॉप फाइल संपेपर्यंत छापत राहतं, म्हणजे नोंद निदान नजरेस तरी पडते. शेतकऱ्याच्या पट्टीचा हिशेब असेल तिथे मी म्हणूनच फ्लिप-फ्लॉप घेईन. फक्त एकाच वेळी अनेक फाइली दिल्यात तर ही उघडी राहिलेली अट पुढच्या फाइलीतही चालू राहते, हे ध्यानात असू द्या.

दोन्ही खुणा एकाच ओळीत असतील आणि नेमका मधलाच तुकडा हवा असेल, तर मात्र रेजेक्सच घ्या. फ्लिप-फ्लॉप तिथे अख्खी ओळ देतं.