घर सोडताना बाग साफ करून घेतली आणि आंबा गमावला

घर विकलं, ताबा द्यायला पाच आठवडे उरले होते. सामान बांधायचं, कागदपत्रं लावायची, वीस वर्षांच्या वस्तूंमधलं काय न्यायचं आणि काय द्यायचं ते ठरवायचं. या सगळ्यात मागच्या बागेकडे बघायला कुणालाच सवड नव्हती. सासरे गेल्यापासून तीन वर्षं तिथे कोयता चालला नव्हता. एक मोठा आंबा, संत्र्याचं एक कलम, दोन पेरू, डाळिंब आणि सीताफळ. पेरूच्या फांद्या भिंतीपलीकडे गेलेल्या, डाळिंबाला बुंध्यापासून इतके फुटवे आलेले की झाडाचं झुडूप झालेलं, आणि सगळ्यांवर वेली चढलेल्या. घेणाऱ्या कुटुंबाने बाग बघूनच घर पसंत केलं होतं. ती त्यांच्या हाती नीट जावी, असं मला मनापासून वाटत होतं.

त्याच दिवसांत एक माणूस दारात आला. जवळच एका बंगल्यात छाटणीचं काम चालू आहे, माणसं आणि कटर मशीन इथेच आहे, तुमचंही करून देतो, म्हणाला. ओसरीवर रचलेली खोकी त्याने पाहिली आणि त्याचा पहिला प्रश्न होता, “ताई, कधी निघताय?” मी तारीख सांगून टाकली. झाडं कोणती, किती वर्षांची, मोहर येतो का, यातलं त्याने काहीच विचारलं नाही. ही गोष्ट तेव्हा खटकायला हवी होती.

कामाची रक्कम ठोक ठरली. कचरा मात्र ट्रॉलीप्रमाणे वेगळा. निम्मे पैसे आगाऊ दिले. कागदावर काहीच लिहिलं नाही.

पहिल्या दिवशी चौघांनी खरोखर झटून काम केलं. गवत काढलं, वेली ओढल्या, भिंतीबाहेर गेलेले पेरू आत घेतले. संध्याकाळी घराकडून दिसणारा भाग स्वच्छ झाला होता आणि मला फार हलकं वाटलं. त्याच वेळी त्याने मजुरी आणि मशीनच्या तेलासाठी आणखी पैसे मागितले. मी दिले. म्हणजे काम चार आणे झालं होतं आणि पैसे बारा आणे गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला मागच्या दाराशी बोलावलं. तळहातावर तपकिरी भुसा होता. “ताई, आंब्याला भिरूड लागलंय. आतून पोकळ झालाय. उद्या वाऱ्याने घरावर पडला तर नव्या लोकांना काय सांगाल?” माझ्या हातात चिकटपट्टी होती, आत सामानवाला थांबला होता. मी झाडापर्यंत गेलेच नाही. दारातूनच म्हटलं, मग काढून टाका. तासाभरात सासऱ्यांनी लावलेला आंबा जमिनीवर होता.

संध्याकाळी ती माणसं गेल्यावर मी बुंध्याजवळ गेले. कापावर हात फिरवला. चीक अजून बोटांना लागत होता. या कडेपासून त्या कडेपर्यंत लाकूड सलग, घट्ट, फिकट पिवळसर. एक भोक नाही, एक बोगदा नाही. दोन पावलांवर एक जुनी वाळलेली फांदी पडली होती, तिची साल नखाने खरवडली की तसलाच भुसा हातात येत होता.

भिरूड मी नंतर नीट समजून घेतलं. ही खोड पोखरणारी अळी असते. ती लागलेल्या झाडाच्या सालीवर ठसठशीत भोकं दिसतात आणि त्यांतून ओलसर भुसा आणि विष्ठा बाहेर येत असते. खाली झाडाशी त्याचा ढीग साचतो. एखाददुसरी फांदी शेंड्याकडून पिवळी पडून वाळू लागते. कुणी हातावर भुसा दाखवला तर त्याला म्हणा, भोक दाखव. आणि भोक खरंच असलं, तरी झाड लगेच आडवं करायची गरज नसते. तारेच्या आकड्याने अळी बाहेर ओढतात, भोकात औषध सोडून ते चिखलाने लिंपतात, आणि पुष्कळ झाडं त्यातून वाचतात. हे जाणणारा माणूस आधी तार मागेल. याने थेट मशीन सुरू केलं.

कारण त्याला लाकूड हवं होतं. आंब्याच्या खोडाचे ओंडके सगळ्यात आधी गाडीत चढले, सगळ्यात आधी गेले. पेट्यांसाठी, जळणासाठी या लाकडाला गिऱ्हाईक असतं. ते माझ्याकडून फुकट गेलं आणि वर कचऱ्याची एक ट्रॉली म्हणून माझ्याच हिशेबात धरलं गेलं. बाकीच्या ट्रॉल्यांतही फांद्या न तोडता, डहाळ्या-पाल्यासकट अख्ख्या टाकलेल्या. अशी ट्रॉली डोळ्यांना गच्च भरलेली दिसते, पण निम्मी पोकळ असते. हातभर तुकडे करून दाबून भरल्या असत्या तर फेऱ्या निम्म्यावर आल्या असत्या. मी चार ट्रॉल्या जाताना पाहिल्या, त्याने सहा लावल्या. झाडाचा हिशेब एवढा मोठा होता की त्या दोन ट्रॉल्यांवरून वाद घालायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी कुणी आलंच नाही. फोन आधी वाजत राहिला, मग बंद. सीताफळाखाली काटक्यांचा ढीग तसाच होता. तक्रार करायला गेले तेव्हा माझ्याकडे फक्त एक बंद नंबर होता. ना पावती, ना गाडीचा क्रमांक. उरलेलं आवरायला दुसरी दोन माणसं लावावी लागली.

त्यांतले वयस्कर काका खरे माहितगार निघाले. आल्या आल्या त्यांनी मला संत्र्याकडे नेलं. कलमाच्या सांध्याच्या वरच्या फांद्या जवळजवळ सगळ्या उडवल्या होत्या आणि सांध्याखालून आलेले सरळ, हिरवेगार, लांब काट्यांचे फुटवे तसेच ठेवले होते. ते खुंटाचे, म्हणजे संत्र्याचं कलम ज्या जंबेरीच्या झाडावर बांधलेलं असतं त्याचे फुटवे. ते वाढू दिले तर संत्रं मागे पडतं आणि काही वर्षांत त्याच झाडाला आंबट, खरबरीत जंबेरी लागते. काकांनी ते फुटवे बुडापासून काढले. पेरूच्या फांद्यांचे वीतभर खुंट ठेवले होते, तेही त्यांनी नीट कापले. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडा असते. काप त्या कडेला लागून, पण कडा न दुखावता घ्यायचा, म्हणजे झाड जखम भरून काढतं. लांब खुंट ठेवला की तो वाळतो, कुजतो आणि कीड आत शिरते. मोठ्या कापांवर त्यांनी मोरचूद, चुना आणि पाण्याची बोर्डो पेस्ट लावली, एक किलो, एक किलो आणि दहा लिटर या प्रमाणात भिजवलेली. पेरूची काळजी करू नका, म्हणाले, त्याला नव्या फुटीवर फळ येतं. आंबा तसा नाही. त्याला जून झालेल्या काडीच्या शेंड्यावर मोहर येतो. आंब्याचे नुसते शेंडे सरसकट छाटले तरी एखाद-दोन हंगाम हातचे जातात. इथे तर झाडच गेलं होतं.

छाटणी बरी झाली की वाईट, हे पुढच्या फुटीला, पुढच्या बहराला कळतं. जो घर सोडून चाललाय तो तेव्हा तिथे नसतो. म्हणून त्या माणसाने आधी तारीख विचारली होती. आता ओळखीत कुणी घर सोडत असेल तर मी त्यांना सांगते, निघायचा दिवस बागकामवाल्याला सांगू नका. जी फांदी जायची तिला स्वतः चिंधी बांधा आणि चिंधी नसलेल्या फांदीला हात लावायचा नाही हे कागदावर घ्या. झाडच काढायचं म्हणत असेल तर दुसऱ्या कुणाला दाखवल्याशिवाय हो म्हणू नका. बऱ्याच ठिकाणी झाड तोडायला परवानगी लागते. ती न घेता तोडलं तर तो माणूस निघून जातो आणि जबाबदारी मालकावर राहते. लाकूड कुणाचं, हे मशीन सुरू व्हायच्या आधी ठरवा. आणि कितीही घाई असली तरी हातातलं काम खाली ठेवून झाडापर्यंत चालत जा. माझ्या दारापासून आंबा पंधरा पावलांवर होता.

ताबा देताना मी नव्या मालकीणबाईंना मागे घेऊन गेले आणि जे झालं ते सगळं सांगितलं. त्या बराच वेळ बुंध्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग संत्र्याजवळ वाकून आम्ही दोघींनी कलमाचा सांधा शोधला. त्याच्या खाली हिरवा, बोटभर नवा फुटवा परत आला होता. त्यांनी विचारलं, “हाच ना?” मी हो म्हटलं. त्यांनी तो अंगठ्याने मोडून काढला.