बोइंग 2707-200, 1/144 रेझिन किट: पिव्हट तुटल्यानंतरचा अनुभव

बोइंग 2707-200 म्हणजे मागेपुढे फिरणाऱ्या पंखांचं, कधीच न उडालेलं सुपरसॉनिक प्रवासी विमान. त्याच्या 144 पट लहान मॉडेलच्या डाव्या पंखाचा पिव्हट, म्हणजे पंख ज्यावर फिरतो तो खुंट, तुटला, म्हणून हे लिहायला घेतलं. एरवी किटबद्दल चांगलं लिहिण्यासारखंही बरंच आहे, ते पुढे येईलच. पण साडेनऊ हजारांचा किट टपालखर्च आणि कस्टम धरून तेरा हजारांच्या घरात जातो, पंख हलवताना कट्‌कन आवाज येतो, आणि विक्रेता कळवतो की पंख सारखे हलवण्यासाठी नाहीत, हव्या त्या कोनात एकदा चिकटवून टाका. मग जाहिरातीत पंख उघडझाप करणारा व्हिडिओ कशाला टाकलात? नवा खुंट फुकट, पण टपालखर्च आमच्या माथी. नखाएवढ्या तुकड्यासाठी अडीच हजार! नको म्हणून कळवलं.

2707-200 घेणारा माणूस ते पंखांसाठीच घेतो. स्थिर पंखांचं सुपरसॉनिक हवं असेल तर कॉन्कॉर्डचे किट कितीतरी स्वस्तात मिळतात. इथे 20 अंशांवर पंख उघडे, 72 अंशांवर मिटलेले, आणि मिटले की आडव्या शेपटाला टेकून सलग त्रिकोण तयार होतो. या मापात उघड्या पंखांची रुंदी 38 सेंटीमीटर, मिटल्यावर 22. हे चिकटवूनच टाकायचं तर पैसे कशाचे मोजले?

खुंट तुटण्याचं कारण साधं आहे. 3 मिलिमीटरचा रेझिनचा खुंट पंखासोबतच थ्री-डी प्रिंटरवर उभा छापलाय, म्हणजे थर खुंटाला आडवे. पंखाचा हलता भाग साडेबारा सेंटीमीटरचा आणि भरीव. टोकाला बोट लावलं की सगळा जोर नेमका थरांच्या सांध्यावर येतो. त्यात हे यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांनी घट्ट होणारं रेझिन उजेडात आणखी कडक होत जातं आणि ठिसूळही. पहिले काही आठवडे टिकतो, मग जातो. उजवाही जाणारच, वाट बघू नका.

उपाय असा. उरलेला खुंट कापून पातळी सपाट करा. हातड्रिलने आधी 1, मग 2, मग 3 मिलिमीटरचं भोक पाडा. इलेक्ट्रिक ड्रिल लावलंत तर रेझिन तापून कडेला टवके उडतात. भोक काटकोनात हवंच. एका अंशाचा कल राहिला तरी पंखाचं टोक दोन मिलिमीटर वरखाली होतं आणि मिटल्यावर शेपटाशी जुळत नाही. पंखात 3 मिलिमीटर बाहेरच्या व्यासाची पितळी नळी बुश (भोकाचं आतलं अस्तर) म्हणून अॅराल्डाइटने बसवा आणि 24 तास हात लावू नका. फेविक्विक इथे कामाचं नाही, धक्क्याने सुटतं. नळीतून एम2 चा (2 मिलिमीटरचा) स्क्रू, खालून नायलॉक (आपोआप सैल न होणारा) नट. वर-खाली वॉशर हवेत, ते दह्याच्या डब्याच्या झाकणातून कापले तरी चालतात. नट इतकाच आवळा की पंख बोटाने सरकेल पण स्वतःहून झुकणार नाही. सगळा खर्च शंभर रुपयांच्या आत.

दुसरी गोम खाचेत आहे. पंख ज्या खाचेत सरकतो तिथे वर-खाली मिळून जेमतेम 0.3 मिलिमीटर मोकळीक ठेवलीय. प्रायमर, रंग आणि वार्निश चढले की ती संपते, आणि पांढऱ्या रंगावर पहिल्याच फेरीत चंद्रकोरीसारखा ओरखडा उमटतो. खाचेची आतली बाजू रंगवूच नका. पंखाचा खाचेत जाणारा भाग 600 च्या वॉटर पेपरने घासून घ्या आणि त्यावर प्रायमरचा एकच पातळ हात द्या.

एवढं केल्यावर मात्र मत बदलावं लागतं. दुरुस्त केलेले पंख इतके मऊ फिरतात आणि शेपटाशी इतके बिनचूक जुळतात की आराखडा काढणाऱ्याला दाद द्यावीच लागेल. फट केसाएवढी. शेपटाखालच्या जनरल इलेक्ट्रिकच्या चार जीई4 इंजिनांच्या हवेच्या वाटा आतपर्यंत कोरलेल्या आहेत. नाकाचे सरळ आणि झुकलेले असे दोन तुकडे मिळतात. 2 मिलिमीटरची चुंबकं बसवली की अदलाबदल करता येते. या माणसाला विमान कळतं, खुंट कळत नाही. तसा खुद्द बोइंगलाही तो झेपला नव्हता: 31 डिसेंबर 1966 ला अमेरिकी सरकारच्या सुपरसॉनिक विमानाच्या स्पर्धेत लॉकहीडला मागे टाकून हेच पंख जिंकले, आणि वजन आवरेना म्हणून ऑक्टोबर 1968 मध्ये ते सोडून 2707-300 चा स्थिर त्रिकोणी पंख आला. मार्च 1971 मध्ये अमेरिकी काँग्रेसने पैसेच थांबवले. पूर्ण आकाराच्या मॉकअपपलीकडे (दाखवायच्या नमुन्यापलीकडे) काही उभं राहिलं नाही.

पिव्हटइतका राग येत नसला तरी महागात पडू शकेल अशी गोष्ट पोटात आहे. धड चार पोकळ तुकड्यांत येतं आणि मधल्या दोहोंना निचऱ्याची भोकंच नाहीत. आत न सुकलेलं रेझिन राहतं, काही महिन्यांनी बारीक तडा पाडून बाहेर झिरपतं आणि रंगाखाली चिकट फोड येतो. किट आल्या आल्या धडात पंख बसतात त्या पेटीखाली, झाकलं जाईल अशा जागी, दोन 4 मिलिमीटरची भोकं पाडा. आयसोप्रोपिल अल्कोहोलने आतून धुवा, पूर्ण वाळू द्या, मग छोटा यूव्ही दिवा भोकाशी धरून आतला भाग पक्का करा. हातमोजे घाला, कच्चं रेझिन कातडीला चांगलं नाही. सांधे जुळवण्याआधी आतून 6 मिलिमीटरची अॅल्युमिनियमची नळी घाला, नाहीतर 65 सेंटीमीटरच्या धडाला एप्रिल-मेच्या उकाड्यात बाक येतो.

सूचनापत्रात नाकात वजन घालायचं लिहिलंय, किती ते नाही. इंजिनं भरीव आणि सगळ्यात मागे, त्यामुळे मॉडेल शेपटीवर बसतं. तोल बघायचा तो पंख मिटवून. उघड्या पंखांनी बरोबर वाटलेला तोल मिटवल्यावर पुन्हा मागे जातो. मासेमारीच्या गळाची शिशाची वजनं स्वस्त पडतात.

एअर इंडियाने अशी दोन विमानं घेण्यासाठी नंबर लावून ठेवला होता, त्यामुळे त्यांचे रंग देण्याचा मोह होणार. त्यांच्या 747 वर खिडक्यांभोवती रंगवलेले झरोके मात्र इथे नकोत. 2707 च्या खिडक्या जेमतेम सहा इंचांच्या, म्हणजे मॉडेलवर एक मिलिमीटर. त्याभोवती महिरप काढली की नुसती लाल माळ दिसते. 707 वरचा लाल पट्टा शोभतो. पोटाला अॅल्युमिनियमचा चकचकीत चंदेरी देऊ नका, हे विमान टायटॅनियमचं, आणि ते जरा काळपट असतं. आणि धडावर निळ्या-जांभळ्या झाका मारण्याची हौस आवरा, मॅक 2.7 ला (आवाजाच्या 2.7 पट वेगाला) विमानाचं कातडं अडीचशे अंशांच्या आसपास तापलं असतं, तेवढ्याने टायटॅनियम निळं पडत नाही. इंजिनांच्या शेवटच्या कडांना हवं तर द्या.

सोबतची डिकल्स (मॉडेलवर चिकटवायची छापील चित्रं) जाड आहेत आणि पांढरा रंग पारदर्शक छापलाय. लाल पट्टा मास्किंग टेप लावून रंगवलेलाच बरा.

याच विक्रेत्याकडे आता 2707-300 ही आलंय, हजार रुपयांनी महाग. त्यात पिव्हट नाही, म्हणजे तुटणारही नाही. घेणार असाल तर पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: धडाला निचऱ्याची भोकं आहेत का?