डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवताना झालेली माझी फसवणूक

वडिलांनी घेतलेली 1960 ची मॉरिस मायनर 1000 मी पुण्यात अजूनही चालवतो. गेल्या पावसाळ्यात हेडलाइट आणि वायपर दोन्ही चालू असताना गाडी सिग्नलला थांबली की चार्जिंगचा लाल दिवा पेटू लागला, आणि दोन वेळा बॅटरी पूर्ण उतरली. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून वीज तयार करणारा जुन्या पद्धतीचा डायनॅमो इंजिन मंद फिरत असताना जवळजवळ काहीच वीज देत नाही, हा त्याचा जन्मजात दोष आहे. मात्र ज्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे मी गेलो, त्याने बॉनेट उघडताच "आर्मेचर जळलंय, हा भंगारात घाला" असे सांगितले; आर्मेचर म्हणजे डायनॅमोतला फिरणारा भाग. मीटर न लावता दिलेले ते निदान मी मुकाट्याने मान्य केले.

डायनॅमोच्या जागी मंद गतीलाही वीज देणारा 45 अँपिअरचा नवा अल्टरनेटर, ब्रॅकेट, वायरिंग आणि मजुरी मिळून 14,500 रुपये ठरले. जुना डायनॅमो आणि कटआऊट (डायनॅमो बॅटरीला जोडणारा आणि तोडणारा आपोआप चालणारा स्विच) त्याने स्वतःकडे ठेवून घेतले. पावती मिळाली ती साध्या कागदावर, आणि तिच्यावर "अल्टरनेटर काम" एवढेच शब्द होते.

तीन आठवड्यांनी रात्री घाटात जळका वास आला. गाडी ओढून आणल्यावर दुसऱ्या जाणकार कारागिराने जे दाखवले ते पाहून मला अतिशय वाईट वाटले. सुमारे 20 अँपिअर वाहून नेणारी मूळची वायरच अल्टरनेटरला जोडलेली होती आणि तिचे आवरण वितळले होते. अल्टरनेटरही नवा नव्हता; ताज्या रंगाखाली जुना गंज होता आणि वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या आतल्या सहा मुख्य डायोडांपैकी दोन निकामी होते. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण 14 व्होल्ट दिसायला हवेत, तिथे 12.5 च दिसत होते. माझ्या गाडीत बॅटरीचे धन टोक अर्थिंगला, म्हणजे गाडीच्या धातूच्या अंगाला, जोडलेले होते. अल्टरनेटरसाठी ते उलटवताना पहिल्या इलेक्ट्रिशियनने ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या इग्निशन कॉइलच्या वायरींची अदलाबदल केलीच नव्हती, म्हणून ते तीन आठवडे ठिणगी कमजोर पडत होती आणि मी पेट्रोलला दोष देत होतो.

तरीही सर्वांत मोठे दुःख डायनॅमोचे आहे. तो तपासायला पाच मिनिटे लागतात. त्याच्या डी (वीज बाहेर देणारे) आणि एफ (आतल्या चुंबकाच्या गुंडाळीचे) या टोकांच्या वायरी काढायच्या, ती दोन टोके छोट्या वायरने एकमेकांना जोडायची, व्होल्टमीटरचे एक टोक त्या जोडणीला आणि दुसरे डायनॅमोच्या अंगाला लावायचे आणि इंजिनाची गती हळूहळू वाढवायची. डायनॅमो धडधाकट असेल तर मिनिटाला हजार फेऱ्यांच्या आसपास काटा झरझर चढतो. तो 20 व्होल्टच्या पुढे जाऊ देऊ नये. काटा असा चढला, तर दोष बहुधा कटआऊटच्या काळवंडलेल्या संपर्कबिंदूंत किंवा वायरींत असतो, आणि तो दुरुस्त करण्याचा खर्च फारच थोडा येतो.

मी डायनॅमो परत मागायला गेलो, तेव्हा भंगारवाल्याला दिल्याचे उत्तर मिळाले. त्या इलेक्ट्रिशियनच्या मदतनीसाने मात्र मला बाहेर गाठून सांगितले की आतले झिजणारे कार्बनचे ब्रश बदलून आणि रंग देऊन तो दुसऱ्या एका मॉरिसच्या मालकाला विकला गेला होता. पावतीवर अल्टरनेटरचा क्रमांक नाही आणि डायनॅमोचा उल्लेखही नाही, त्यामुळे तक्रार करायला माझ्या हाती काहीच पुरावा उरलेला नाही.